अठराव्या रस्त्यावरचं वाणसामान

शिकागोच्या पिल्सन भागात आम्ही घर घेतलं, कारण भाडं परवडत होतं आणि नवऱ्याचं विद्यापीठ सायकलवर जाता येईल इतकं जवळ होतं. गाडी घेतली नव्हती. आल्याबरोबर पहिला प्रश्न उभा राहिला तो वाणसामानाचा. भारतीय दुकानं शहराच्या पार उत्तरेला, डेव्हन अॅव्हेन्यूवर. पिंक लाइनने शहराच्या मध्यात जायचं, तिथून रेड लाइनने लोयोलाला उतरायचं, मग १५५ नंबरची बस. जाणंयेणं आणि खरेदी धरून अख्खा रविवार जायचा. पिठाची मोठी पिशवी घेऊन बर्फात गाड्या बदलणं तर नकोसंच व्हायचं.

घराच्या कोपऱ्यावर, अठराव्या रस्त्याला लागून, एक मेक्सिकन दुकान होतं. पुढे भाजी, डाव्या हाताला मटणाचं काउंटर, मग पावांची काचेची कपाटं आणि अगदी मागे थोडी स्टुलं टाकलेला खाण्याचा कट्टा. सुरुवातीला मी तिथून फक्त दूध, कांदे आणि कोथिंबीर आणायची. स्पॅनिश येत नव्हतं. पाट्या समजत नव्हत्या. माझ्यामागे रांग वाढली की मी जे हातात असेल तेवढ्याचे पैसे देऊन बाहेर पडायची.

हे सगळं लिहायचं कारण असं, की अमेरिकेत पुष्कळ मराठी घरांजवळ भारतीय दुकान नसतं, मेक्सिकन दुकान मात्र असतं. आपल्या स्वयंपाकाचं बरंचसं सामान तिथे मिळतं, आणि ताजं मिळतं. मात्र घरात कुणी शाकाहारी असेल, तर काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. आम्हाला त्या मनस्ताप होऊन कळल्या.

सुरुवात मिरचीपासून झाली. माहेरून आणलेली कांदा-लसूण चटणी डिसेंबरात संपली. मोठ्या सुपरमार्केटमधून मी ‘चिली पावडर’ची बाटली आणली आणि आमटीला जिऱ्याचा आणि कसल्याशा सुक्या पाल्याचा वास यायला लागला. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. अमेरिकेत त्या नावाने जे विकतात ते नुसतं तिखट नसतं. त्यात जिरं, लसूण, ओरेगानो असं बरंच काही मिसळलेलं असतं.

मग मी कोपऱ्यावरच्या दुकानात सुक्या मिरच्यांसमोर जाऊन उभी राहिले. एक अख्खी भिंत भरून पिशव्या. तिथे मला मदत केली ती मागच्या कट्ट्यावर टॉर्टिया भाजणाऱ्या बाईंनी. साठीच्या असतील. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं, मला स्पॅनिश अजिबात नाही. त्यांनी एकेक पिशवी उचलली आणि तोंडाशी हात हलवून कुठली किती जाळते ते दाखवलं.

तेव्हापासून माझा हिशेब ठरलेला आहे. ग्वाहीयो नावाची मिरची लांब, गुळगुळीत सालीची, गडद लाल. तिखट बेताची, रंग सुरेख. बेडगीच्या जागी ती चालते. चिले दे आर्बोल बारीक, बोटाएवढी आणि जहाल. आंचो रुंद, सुरकुतलेली, काळपट, चवीला गोडसर. हिरवी पोब्लानो पिकवून वाळवली की आंचो होते. चिपोत्ले म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो. तिचा धुरकट वास आपल्या आमटीत बसत नाही, म्हणून चटणीत ती घालू नका. मी ग्वाहीयो जास्त आणि आर्बोल कमी असं प्रमाण धरते. तीळ, धणे, जिरं, लसूण, कांदा त्याच दुकानातलं. सुकं खोबरं तेवढं डेव्हनवरून.

एक सूचना. आर्बोल भाजताना सगळ्या खिडक्या उघडा आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. पहिल्या वेळी आमच्या घरातला धुराचा अलार्म वाजला आणि वरच्या मजल्यावरचे लोक खोकत जिन्यात आले. आता मी मिरच्या तव्यावर न भाजता ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर काही मिनिटं ठेवते. कुरकुरीत होतात आणि ठसका कमी उठतो. देठ आणि बिया आधी काढून टाकल्या की आणखी बरं.

मिरचीनंतर धीर आला. मग दर खेपेला एखादी नवी वस्तू उचलायची, असं सुरू झालं. तपकिरी रंगाचे छोटे शंकू दिसले, त्यांना पिलोन्सियो म्हणतात. उसाचा रस आटवून साच्यात ओतलेला गूळच तो. मी कोल्हापूरची, तेव्हा गुळाबद्दल सहज काही पटत नाही. हा गूळ आपल्यापेक्षा काळा आणि दगडासारखा कडक, काकवीची चव जास्त. पण पुरणाला चालतो. किसणीवर किसू नका, बोटं सोलतात. फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडा किंवा थोड्या पाण्यात मंद आचेवर विरघळवून घ्या.

दालचिनी तिथे फार चांगली मिळते. इतर दुकानांत बहुतेक जाड सालीची, कडक दालचिनी असते. मेक्सिकन लोक श्रीलंकेची पातळ, बोटांनी चुरता येणारी वापरतात. कच्चे शेंगदाणे, तीळ, शेंगेतली आंबट चिंच, पातळ सालीची रसाळ लिंबं, पेरू, रताळी, हे सगळं कायम असतं. कोथिंबिरीच्या जुड्या डॉलरला दोन-तीन मिळतात. वसंत संपता संपता पिवळे, लांबट आताउल्फो आंबे येतात. हापूसची अपेक्षा धरू नका, पण रेषा नसते आणि आमरस दाट होतो. साल सुरकुतेपर्यंत मात्र थांबावं लागतं.

त्यांचं लाल सरबतही आपल्याला परकं नाही. त्याला ते हमायका म्हणतात. मोठ्या काचेच्या बरणीत भरून ठेवलेलं असतं. ते अंबाडीच्या लाल बोंडांच्या सुक्या पाकळ्यांचं असतं. पाव किलोची पिशवी आणायची, मूठभर बोंडं उकळत्या पाण्यात टाकायची, गार झाल्यावर गाळून साखर घालायची. उन्हाळाभर पुरतं. उरलेल्या मऊ बोंडांची लसूण-तिखट घालून चटणी होते.

खाण्याच्या कट्ट्यावर आम्ही दोघं हिवाळ्यात जायला लागलो. तिथली रीत आधी कळली नाही. मी काउंटरपाशी ताटकळत उभी होते आणि माझ्या मागून आलेल्यांना ताटं मिळत होती. आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि ती मागे नेऊन द्यायची, अशी पद्धत. सगळीकडे नसेल, पण पुष्कळ दुकानांत असते. पावती दिली की विचारतात, कांदा-कोथिंबीर घालू का. हो म्हणायचं. टाको हातात येतो तो दोन छोट्या टॉर्टियांवर, त्यावर मटण, वर कच्चा कांदा, कोथिंबीर आणि बाजूला लिंबाची फोड. चीज नाही, लेट्यूस नाही.

सॉसच्या दोन बाटल्या असतात, लाल आणि हिरवी. हिरवी कमी तिखट असेल असं धरून चालू नका. बऱ्याचदा तीच जास्त झोंबते. तिचा आंबटपणा तोमातियोचा. कागदासारख्या आवरणातलं हिरवं फळ असतं ते, भाजीच्या टोपल्यांत मिळतं. आवरण काढलं की आत चिकट लागतं, ते कोमट पाण्याने धुवून घ्यायचं. मी ते मिरचीबरोबर तव्यावर भाजते आणि शेंगदाण्याच्या कुटाबरोबर वाटते. भाकरीबरोबर छान लागतं.

मटणाच्या काउंटरवर शनिवार-रविवारी बोकडाचं मटण येतं. त्याला चिवो म्हणायचं. हाडासकट हवं असेल तर ‘कॉन ऊएसो’, तुकडे करून हवे असतील तर ‘एन त्रोसोस’. एवढ्या तीन शब्दांवर माझा तांबडा रस्सा पहिल्यांदा शिकागोत जमला. भारतीय दुकानांतलं मटण पुष्कळदा गोठवलेलं असतं. हे ताजं होतं, आणि समोर कापून दिलेलं.

टॉर्टिया भाजणाऱ्या त्या बाईंशी ओळख वाढत गेली. मी मोबाइलवर भाषांतर करून विचारायची, त्या हळूहळू सांगायच्या. पिल्सन हे नाव चेक लोकांनी दिलेलं, त्यांच्या प्ल्झेन शहरावरून. मेक्सिकन लोक इथे मोठ्या संख्येने आले ते नंतर. १९६०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाचं आवार बांधताना जवळची जुनी वस्ती पाडली. १९६५ साली ते आवार उघडलं. उठवलेल्यांतली बरीच मेक्सिकन कुटुंबं इकडे सरकली. बाईंचे काही नातेवाईक त्यांतलेच. माझा नवरा त्याच विद्यापीठात काम करतो, हे मी त्यांना सांगितलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि कणीक मळत राहिल्या. पुढे काय बोलावं ते मला सुचलं नाही. आता इथली भाडी पुन्हा चढताहेत आणि जुनी घरं रिकामी होताहेत. भाडं परवडलं म्हणून आलेल्यांत आम्हीही आहोत, हे मला तेव्हापासून माहीत आहे. निदान रोजचं सामान याच दुकानातून घ्यायचं, एवढं आम्ही ठरवलं.

मे महिन्यात सासूबाई आल्या. साताऱ्याजवळच्या गावात राहतात. माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकी चुकवत नाहीत, मांस-मच्छी-अंडं काही चालत नाही. त्या घरात असताना आम्ही मटण आणत नाही. आम्हा दोघांना खावंसं वाटलं तर दुकानाच्या कट्ट्यावर जाऊन खाऊन यायचं, असं ठरलं. आईंची त्याला हरकत नव्हती.

त्यांनाही बाहेरचं काहीतरी खायला मिळावं असं मला वाटत होतं. तमालेस हा पदार्थ मी आधी पाहिला होता. मक्याच्या पिठात सारण भरून, मक्याच्या कणसाच्या सालात गुंडाळून वाफवलेला. मिरचीच्या पट्ट्या आणि चीज भरलेलाही मिळतो. आमच्या दुकानात त्या शनिवारी संपले होते, म्हणून पुढच्या चौकातल्या दुसऱ्या दुकानातून घेतले. मी स्पष्ट विचारलं, मांस नाही ना? नाही, फक्त मिरची आणि चीज, असं उत्तर आलं. गरम गरम घरी नेले. आईंना फार आवडले. पानगी खाल्ल्यासारखं वाटतंय म्हणाल्या आणि आणखी अर्धा मागून घेतला.

दोन दिवसांनी मी घरी करून बघावेत म्हणून आमच्या दुकानात मक्याचं ओलं पीठ मागायला गेले. त्याला मसा म्हणतात. बाईंनी विचारलं, कुठला देऊ? एक साधा आणि एक तयार. फरक काय, म्हणून विचारलं. तयार मसा तमालेससाठी. त्यात मीठ, रस्सा आणि मांतेका फेटून घातलेलं असतं. मांतेका म्हणजे काय, ते त्यांनी मागच्या फळीवरचा पांढरा डबा दाखवून सांगितलं. डब्यावर डुकराचं चित्र होतं.

मी तशीच घरी आले. सांगावं की नाही, हा विचार रस्ताभर डोक्यात होता. न सांगता राहणं मला जमलं नसतं. संध्याकाळी आईंना सांगितलं. त्यांचा हात माळेवर गेला. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “इचारून खाल्लंय आपुन. पांडुरंगाला ठावं हाय. पर पुढल्या बारीला मटान हाय का नगं इचारू. चरबी हाय का, त्ये इचार.”

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून हरिपाठ म्हटला आणि विषय संपवला. माझ्या मनातून मात्र तो पुष्कळ दिवस गेला नाही. विकणाऱ्यांनी फसवलं नव्हतं. त्यांच्या हिशेबात मांस म्हणजे मांसाचे तुकडे. चरबी ही तेलातुपाच्या रांगेतली वस्तू. आणि रस्सा म्हणजे तर नुसतं पाणी.

म्हणून आईंनी सांगितलेला प्रश्न मी पाठ केला. ‘तिएने मांतेका?’ म्हणजे यात चरबी आहे का. त्याला जोडून दुसरा, ‘तिएने काल्दो दे पोयो?’ म्हणजे कोंबडीचा रस्सा आहे का. हे दोन प्रश्न घेऊन मी सगळ्या दुकानात फिरले. बाईही बरोबर फिरल्या. जे कळलं ते असं.

लाल भात दिसायला शाकाहारी, पण बहुधा कोंबडीच्या रश्शात किंवा त्याच्या पावडरीत शिजवलेला असतो. घोटलेल्या राजम्यात चरबी असते. डबाबंद घेताना ‘वेहेतारियानो’ लिहिलेला डबाच घ्यायचा. गव्हाच्या टॉर्टियांत चरबी असू शकते, पुडक्यावरची यादी वाचायची. मक्याच्या टॉर्टियांत साधारणपणे मका, चुना आणि पाणी एवढंच. गोड पावांत कधी लोणी, कधी चरबी, विचारल्याशिवाय घेऊ नये. वाट्यांतल्या रंगीत जेलीत जिलेटिन असतं. चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असू शकतं, त्यामुळे आईंसाठी आम्ही चीज बंद केलं आणि त्यांच्याच लिंबांनी दूध फाडून घरी पनीर केलं. अंडं न चालणाऱ्यांनी भरलेली मिरची, म्हणजे चिले रेयेनो, टाळावी. ती अंड्यात बुडवून तळतात. ‘मांतेकिया’ हा शब्द ऐकू आला तर ते लोणी. ते चालतं. कानाला दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून शंका आली की डबा दाखवायला सांगा.

साधा मसा मात्र आमच्या घरात कायमचा आला. पहिल्यांदा मी किलोभर आणला, तेव्हा पिशवी अजून कोमट होती. आईंनी पिशवी उघडून वास घेतला आणि लगेच म्हणाल्या, यात चुना आहे. पान खाणाऱ्या असल्यामुळे त्यांना तो ओळखता आला. मक्याचे सुके दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात, मग चोळून धुतात. साल निघून जाते. ते ओले दाणे दळले की मसा. चुन्यामुळे पीठ बांधून येतं, नुसत्या मक्याच्या पिठासारखं फुटत नाही. शिवाय मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व चुन्यामुळेच अंगी लागतं. मका युरोपात गेला, पण ही पद्धत बरोबर गेली नाही. तिथे आणि नंतर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मक्यावरच दिवस काढणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. कातडी फुटायची, जुलाब लागायचे, माणसं भ्रमिष्ट व्हायची. मेक्सिकोत पिढ्यान्‌पिढ्या मका खाऊनही ते झालं नाही.

आईंनी भाकरीसारखं थापायला घेतलं. परातीला चिकटलं. ज्वारीचं पीठ वळतं तसं हे वळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून लोखंडी दाबयंत्र आणलं, आपल्या पुरीयंत्रासारखंच. पिशवी कापून दोन प्लास्टिकचे तुकडे केले, मध्ये लिंबाएवढा गोळा ठेवून दाबलं. कडा फाटल्या. आईंनी पिठाला बोट लावून पाहिलं, दोन चमचे पाणी शिंपडलं आणि पुन्हा मळलं. पुढची गोल आली. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू अर्धं मिनिट, उलटायची, दुसरी बाजू थोडी जास्त, पुन्हा उलटायची. बोटांच्या टोकांनी मध्ये हलकं दाबलं की टम्म फुगते. पहिली फुगली तेव्हा आईंनी ती माझ्या ताटात टाकली आणि तूप वाढलं. उतरवलेल्या टॉर्टिया फडक्यात गुंडाळून ठेवा. वाफेवर त्या मऊ होतात, लगेच खाल्ल्या तर चिवट लागतात.

मसा त्याच दिवशी संपवावा. दुसऱ्या दिवशी आंबतो. ओलं फडकं टाकून ठेवला नाही तर वरून सुकतो. ताजा मिळत नसेल तर सुकं पीठ मिळतं, मसा आरिना. ते कोमट पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. साधं मक्याचं पीठ किंवा कॉर्नस्टार्च त्याच्या जागी चालत नाही. आणि करायलाच वेळ नसेल, तर आमच्या भागात एल मिलाग्रोच्या टॉर्टिया मिळतात. १९५० पासूनचा शिकागोतलाच कारखाना आहे. कागदातलं पुडकं सकाळी घेतलं तर हाताला गरम लागतं.

जूनअखेर आषाढी एकादशी आली. आईंच्या मनात पंढरपूर आणि इथे उपवासाचं काय, ही मला काळजी. साबुदाणा होता, पण संपत आला होता. दुकानात गल्ल्याजवळ अलेग्रिया नावाच्या वड्या ठेवलेल्या असायच्या. लाह्या होत्या बारीक, पांढऱ्या. हातात घेऊन पाहिलं तर राजगिरा. राजगिरा मेक्सिकोतला फार जुना आहे. त्याच्या लाह्या मधात किंवा गुळाच्या पाकात थापून या वड्या करतात. वर भोपळ्याच्या बिया आणि मनुका लावतात. मी दोन्ही प्रश्न विचारले. नाही, चरबी नाही, रस्सा नाही. बाई हसल्या. आईंनी ती वडी, उकडलेलं रताळं, शेंगदाण्याची आमटी आणि दूध यावर एकादशी केली. रताळं, शेंगदाणा, मिरची, बटाटा, हे सगळंच मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आलं. ते ऐकून आईंना नवल वाटलं, पण उपवासाला त्यामुळे बाधा येत नाही हेही त्यांनी लगेच सांगितलं.

उन्हाळ्यात आई माझ्याबरोबर दुकानात यायला लागल्या. त्यांना भाषेची अडचण आली नाही. त्या भाजी हातात घेऊन बघायच्या. त्यांनीच एकदा ओल्या पाल्याच्या ढिगातून एक जुडी उचलली, अगं ही घोळ की, म्हणून. वेरदोलागास या पाटीखाली मी ती कित्येकदा पाहिली होती, ओळखली नव्हती. मुगाची डाळ घालून तिची भाजी केली. भोपळ्याची फुलं मिळाली, त्यांची भजी केली. फड्या निवडुंगाची पानंही तिथे असतात, नोपालेस म्हणतात. एक मुलगा दाराशी बसून सुरीने काटे तासत असायचा. तासलेली, चिरलेली पिशवी घ्यावी. घरी काटे काढायच्या फंदात पडू नये, बारीक काटा बोटात मोडला की दिसतही नाही. भाजी भेंडीसारखी तार सोडते. झाकण न ठेवता परतली की तार मरते.

ऑक्टोबरच्या शेवटी दुकानाबाहेर झेंडूच्या बादल्या लागल्या. १ आणि २ नोव्हेंबरला त्यांचे मृतांचे दिवस असतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, आणि या दिवसांत त्यांना तो लागतोच. दुकानात एका कोपऱ्यात पायऱ्यांची मांडणी केली होती. फोटो, पाणी, फळं, एक विशेष पाव, मेणबत्त्या आणि भरपूर झेंडू. अशाच मांडण्या आम्ही जवळच्या नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्टमध्येही पाहिल्या. १९८७ पासून चालू असलेलं हे संग्रहालय, प्रवेश फुकट. पाहुण्यांना आवर्जून न्यावं असं आहे. आई तिथे एकेक फोटो बघत सावकाश चालल्या. मामंजींना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. २ तारखेनंतर झेंडूला गिऱ्हाईक नसतं. उरलेल्या बादल्या बाईंनी आम्हाला अगदी थोड्या पैशांत दिल्या. फुलं देठापासून खुडून, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली तर आठवडाभर टिकतात. पाणी मारू नका, काळी पडतात. लक्ष्मीपूजनाला दाराला तोरण झालं, आणि डेव्हनवर जावं लागलं ते फक्त पोह्यांसाठी आणि हरभऱ्याच्या डाळीसाठी.

नव्याने जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. शनिवार-रविवारी दुपारी जाऊ नका, गर्दीत कुणाला बोलायला वेळ नसतो. मधल्या वारी सकाळी जा. थोडी सुटी रोकड ठेवा, काही ठिकाणी लहान बिलाला कार्ड घेत नाहीत. आत शिरल्यावर ‘ब्वेनोस दियास’ म्हणा, लोक लगेच मोकळे होतात. तिखट आहे का, असं विचारलं आणि ‘नाही’ असं उत्तर आलं तरी आधी थेंबभर चाखून बघा. आणि शाकाहारी माणूस बरोबर असेल तर मांसाबद्दल विचारून थांबू नका. चरबी विचारा, रस्सा विचारा, डबा बघा. असं विचारल्याचा राग येणारं तिथे मला कुणी भेटलं नाही. उलट टॉर्टियावाल्या बाई आता शुक्रवारी आईंच्या आठवणीने एका वेगळ्या भांड्यात तेलातला राजमा शिजवतात. शाकाहारी मागणारे आणखी काही लोक निघाले, म्हणून तो रोज ठेवायचा विचार चालला आहे.

आई पुढच्या मे महिन्यात पुन्हा येणार आहेत. येताना गोडा मसाला आणि ज्वारीचं पीठ घेऊन येते म्हणाल्या. गूळ आणि लाल मिरची आणू नका, इथे चांगली मिळते, असं मी कळवलं आहे.